चार दिवस रत्नागिरीस

तीन राजांचा सण झाला, नाताळची गव्हाण आवरून मूर्ती पेटीत भरल्या, की धर्मगुरूच्या वर्षात चार-आठ दिवस जरा सैल सापडतात. नेरला त्या सुमारास कापसाची शेवटची वेचणी चाललेली असते, तूर सोंगणीला आलेली असते आणि सकाळच्या मिस्सेला येणारी मंडळी कानाला मफलर गुंडाळूनच बसतात. या मुलखात येऊन आम्हांस आता बावीस वर्षे झाली. सुट्टी म्हणून या काळात आम्ही कोठे गेलो, असे आठवत नाही. वसईला घरी जाणे होई, तेही आई होती तोवर.

गेल्या जानेवारीत आमच्या धाकट्या बंधूंचा फोन आला. "फादर, चार दिवस काढा. रत्नागिरीला जाऊ. दादरपासूनची तिकिटे मी काढली आहेत." एवढे बोलून त्यांनी फोन ठेवला. बंधू मुळातच मितभाषी. त्यातून गेली सात वर्षे नाताळ आणि ईस्टरच्या शुभेच्छांपलीकडे ते आमच्याशी बोलले नव्हते. त्याचे कारण पुढे येईलच.

रजा मागितली, ती मिळाली. फादर समुद्रावर चालले ही बातमी आमच्या लहानशा धर्मग्रामात दोन दिवसांत सर्वतोमुखी झाली. चर्चची झाडलोट करणाऱ्या आजीबाईंनी विचारले, "समुद्र कसा असते जी? आपल्या बेंबळ्याच्या धरणावानी असते काय?" आम्ही म्हणालो, धरणाला पलीकडचा काठ असतो, समुद्राला तो दिसत नाही. आजीबाईंना हे उत्तर पटल्यासारखे दिसले नाही. त्यांचा बारा वर्षांचा नातू आमच्या पिशवीजवळ घुटमळत होता. "फादर, माह्यासाठी शंख आनजा," तो म्हणाला. या मुलाचा बाप पाच वर्षांपूर्वी कर्जापायी गेला. कसा गेला, हे यवतमाळ जिल्ह्यात कोणी कोणास विचारीत नाही.

नेरहून एस.टी.ने बडनेरा, तेथून रात्रीच्या गाडीने दादर आणि दादरहून कोकण रेल्वे, असा प्रवास झाला. कोकण रेल्वेविषयी पुष्कळांनी पुष्कळ लिहिले आहे. आम्ही त्यात भर घालू इच्छीत नाही. 26 जानेवारी 1998 रोजी ही वाट पूर्ण होऊन सुरू झाली, त्या आधी मुंबईचा चाकरमानी रत्नागिरीस जाई तो घाटाघाटांतून एस.टी.ने, त्याही आधी आगबोटीने जाई आणि किनाऱ्याजवळ पडावात उतरे. आता रत्नागिरीच्या अलीकडे करबुड्याचा सुमारे साडेसहा किलोमीटरचा बोगदा लागतो. त्या अंधारात समोर बसलेल्या बंधूंचा चेहरा दिसेनासा झाला आणि, खरे सांगायचे तर, आम्हांस थोडे हायसे वाटले. पनवेलपासून आम्ही दोघांनी मिळून दहा वाक्ये बोललो असू, त्यांतली चार चहाविषयी होती.

रत्नागिरी हे गाव सपाट नाही, हे नकाशावरून कळत नाही. रेल्वे स्थानक उंचावर आहे. तेथून रिक्षा मारुती मंदिरावरून, जयस्तंभावरून वळणे घेत खाली उतरू लागते, आणि प्रत्येक उतारानंतर वाटते की आता समुद्र येईल, तोच पुन्हा चढ लागतो. जांभ्या दगडाचे गडगे, त्यांवरून डोकावणारे फणस, एका घराच्या अंगणाच्या पातळीवर दुसऱ्याचे कौलारू छप्पर. मोहोर धरलेल्या कलमांचा उग्र-गोड वास रस्त्यावर येत होता. सपाट काळ्या मुलखात बावीस वर्षे काढलेल्या माणसाचे गुडघे येथे दुसऱ्या दिवशीच तक्रार करू लागतात. बंधू आमच्याहून चार वर्षांनी लहान; ते पुढे चालत, वळणावर थांबत आणि आम्ही पोहोचलो की काही न बोलता पुन्हा चालू लागत.

पहिल्या संध्याकाळी मांडवीवर गेलो. येथली वाळू काळी आहे, म्हणून लोक याला काळा समुद्र म्हणतात. किल्ल्याच्या डोंगराचे टोक समुद्रात घुसले आहे. त्याच्या दुसऱ्या अंगाला पांढऱ्या वाळूचा किनारा आहे, तो पांढरा समुद्र. त्याच बाजूस मिरकरवाड्याचे मासेमारी बंदर. एकाच गावाला दोन रंगांचे समुद्र असावेत, याचे आम्हांस मोठे नवल वाटले. वसईचे मूल म्हणून समुद्राविषयी आपणांस काही नवे कळायचे राहिले नाही, अशी आमची समजूत होती.

धक्क्यावर सत्तरी ओलांडलेले एक गृहस्थ वारा खात बसले होते. कोण, कोठले, अशी विचारपूस झाली. आम्ही यवतमाळकडून आलो म्हणताच ते सरसावून बसले. "म्हणजे कापसाच्या देशातून!" मुंबईच्या एका गिरणीत त्यांनी कापसाच्या गाठी फोडण्याचे काम केले होते. वऱ्हाडच्या गाठीत हात घातला की सांगू शकत होतो, असे ते म्हणाले आणि अंगठा व बोटे एकमेकांवर घासून त्यांनी तो धागा हवेत ओढून दाखवला.

वाचकहो, आम्ही इतकी वर्षे कापसाच्या मुलखात राहून हा विचार केला नव्हता. अमेरिकेतील यादवी युद्धात, 1861 ते 1865 या वर्षांत, इंग्लंडला अमेरिकेचा कापूस मिळेना म्हणून वऱ्हाडच्या कापसाला भाव आला. त्याच दशकात आगगाडी वऱ्हाडात पोहोचली. पुढे यवतमाळपासून मूर्तिजापूरपर्यंत चिमुकली शकुंतला धावू लागली, तीही कापूस वाहून नेण्यासाठीच. तो कापूस मुंबईस जाई. गिरण्यांत त्याचे सूत करणाऱ्यांत मोठा भरणा रत्नागिरीकरांचा असे. आणि त्यांच्या पगारातली मनीऑर्डर पुन्हा या डोंगरांत येई. आमच्या धर्मग्रामातील शेतकऱ्याच्या आजोबांनी वेचलेले बोंड आणि या गृहस्थांच्या घरची चूल यांच्यात एवढीच कडी होती. 18 जानेवारी 1982 रोजी सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले आणि ती कडी तुटली ती तुटलीच. गृहस्थ गावी परतले. "आता तुमचा कापूस कुठं जातो?" त्यांनी विचारले. जिनिंगपर्यंतची वाट आम्हांस ठाऊक होती, पुढची नाही.

मग ते आपणहून सांगू लागले. "मी तिकडून पैसे पाठवायचो, म्हणून घरात माझं नाव. धाकटा भाऊ इथंच राहिला. तो गेला त्याच्या दुसऱ्या पावसाळ्यात घर गळायला लागलं. तेव्हा कळलं, दर वर्षी कौलं कोण चाळत होतं ते."

बंधू पाण्याकडे पाहात होते. आम्हीही पाण्याकडे पाहू लागलो.

आता त्या कारणाविषयी. वसईस आमची वडिलोपार्जित वाडी होती. राजेळी केळी, थोडी पानवेल आणि मधोमध गोड्या पाण्याचे बावखल. वडिलांच्या मागे ती बंधूंनीच राखली. आम्ही तोवर सेमिनरीत होतो. एका वर्षी पवित्र सप्ताहाच्या तोंडावर त्यांच्याकडून काही कागद आले, मुखत्यारपत्राचे. खेड्याखेड्यांतून कुमसार ऐकत फिरण्याचे ते दिवस. आम्ही न वाचताच सह्या करून कागद परत धाडले. वर्षभराने आई वारली. मातीला गेलो, तेव्हा कळले की वाडी विकली गेली आहे आणि बावखलात भराव पडला आहे.

नेरला परतल्यावर आम्ही बंधूंना चार पानांचे पत्र लिहिले. त्यात नाबोथाचा दाखला दिला. पूर्वजांचा द्राक्षमळा राजालाही द्यायला नकार देऊन जो जिवाला मुकला, तो नाबोथ. धर्मशिक्षण घेतलेल्या माणसाच्या हाती शास्त्र असते आणि ते शस्त्रासारखे वापरण्याचा मोह त्याला होतो. आम्हांस तो आवरला नाही. पत्राला उत्तर आले नाही. आम्ही ते बंधूंच्या अपराधी मनाचे लक्षण मानले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मिस्सा झाल्यावर थिबा राजवाडा पाहावयास गेलो. ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा थिबा. 1885 च्या नोव्हेंबरात इंग्रजांनी मंडाले घेतले, राजाला पदच्युत केले आणि 1886 मध्ये राणी सुपयालत व मुलींसह रत्नागिरीस आणून ठेवले. कारण उघड आहे. हे गाव तेव्हा रेल्वेपासून दूर, तीन बाजूंनी डोंगर आणि चौथीकडे समुद्र. मोगलांचा शेवटचा बादशहा बहादूरशहा जफर याला त्यांनी रंगूनला नेऊन ठेवले होते, तो 1862 साली तेथेच वारला. ब्रह्मदेशच्या राजाला त्यांनी कोकणात आणले. राजे हलवण्याचा हा पट इंग्रज शांतपणे मांडीत. राजवाडा 1910 साली बांधून झाला. लाल भिंती, उतरती छपरे, कोरीव लाकडी खिडक्यांवर अर्धवर्तुळात बसवलेल्या रंगीत काचा, दिवाणखान्यात संगमरवरी फरशी. त्यापूर्वीची जवळजवळ चोवीस वर्षे राजाने बंगल्यांतून काढली होती आणि वाडा लाभल्यावर तो जगला अवघी सहा वर्षे. 1916 च्या डिसेंबरात त्याचे येथेच निधन झाले.

आमच्यातील प्रवचनकार अशा जागी जागा झाल्यावाचून राहात नाही. थिबा पॉइंटवर जाऊन बसलो होतो. खाली भाट्याची खाडी, तिच्यावरचा पूल, खाडीच्या मुखाशी पांढरी रेघ. आम्ही बंधूंना सांगू लागलो की माणसाचा देश सुटतो म्हणजे काय होते, तीस वर्षे समुद्र दिसत असावा आणि ओलांडता येऊ नये ही केवढी शिक्षा, आणि बोलता बोलता हसून म्हणालो, "आमचाही थिबाच झाला म्हणा ना. बावीस वर्षे!"

बंधू म्हणाले, "फादर, तुम्हाला कोणी धरून नेले नव्हते."

आम्ही गप्प झालो. थोड्या वेळाने ते पुन्हा बोलले, आणि सात वर्षांचे साठलेले बोलावे तसे नव्हे, हिशेब वाचून दाखवावा तसे. बावखलाचे पाणी आई जाण्यापूर्वी चार वर्षे खारट होऊ लागले होते. केळी खुरटली. आईला आठवड्यातून दोनदा डायलिसिसला न्यावे लागे. कर्ज दोन ठिकाणचे झाले होते. "आई म्हणायची, त्याला कळवू नको, तो तिकडे दुसऱ्यांची दुःखे ऐकतो, त्यात आपले कशाला. म्हणून नाही कळवले. कागदात सगळे लिहिले होते. तुम्ही वाचले नाहीत." मग जरा थांबून, "नाबोथला आईच्या औषधांची बिले भरायची नव्हती."

समोर खाडीतून एक होडी बाहेर पडत होती. आम्हांस आमच्या भागातील घरे आठवली. किती घरांत आम्ही बसलो, सातबारा कोणाच्या नावे, सोसायटीचे किती, सावकाराचे किती, हे विचारले. किती बायांना सांगितले की मनात ठेवू नका, बोला. कर्जाविषयी आम्ही मराठीतून व्याख्यानही दिले आहे. आणि आमच्या सख्ख्या भावाला, आईच्या मातीच्या दिवशी, आम्ही एक प्रश्न विचारला होता: "बावखल का बुजवले?"

आम्ही क्षमा मागितली. कशी, ते येथे लिहिण्याचे कारण नाही. कुमसारघराच्या आतल्या बाजूला आयुष्य गेलेल्या माणसाला बाहेरच्या बाजूने गुडघे टेकणे जड जाते, एवढेच सांगतो. बंधू म्हणाले, "चला, ऊन लागेल."

परतताना राजाची समाधी पाहिली. थिबा राजाला भेटायला 2012 साली म्यानमारचे राष्ट्राध्यक्ष थेन सेन येथे आले होते. शतक उलटत आले तरी राजाला कोणीतरी भेटायला येते. आमच्या मनात मात्र आता राजा राहिला नव्हता, त्याच्या मुली होत्या. त्यांच्या हातून कोणते राज्य गेले होते? थोरली राजकन्या रत्नागिरीत वाढली, येथल्याच एका माणसापासून तिला मुलगी झाली, टुटू तिचे नाव. 1919 साली राणी व मुली ब्रह्मदेशास परतल्या, पण थोरलीचे मन तेथे लागले नाही आणि ती टुटूला घेऊन पुन्हा रत्नागिरीस आली. टुटू येथेच मोठी झाली, येथेच संसार केला, मराठी बोलत गरिबीत म्हातारी झाली. राजाच्या नातीने या गावात शेणी थापून विकल्या, असे सांगणारी माणसे आहेत. राजवाड्यात आम्ही राजाची हकीकत वाचत फिरलो, तेव्हा या बाईचा विचार आमच्या मनाला शिवला नव्हता.

तिसरा दिवस किल्ल्यात गेला. टिळकांचे जन्मस्थान वाटेत पाहिले. 1856 साली ज्या घरात ते जन्मले, ते टिळक आळीत नीट राखलेले आहे. 1931 चे पतितपावन मंदिर, सर्व जातींना खुले असावे म्हणून भागोजीशेठ कीर यांनी बांधलेले, तेही बाहेरून पाहिले. पण पायांची शक्ती किल्ल्यासाठी राखून ठेवायची होती. रत्नदुर्ग घोड्याच्या नालेसारखा आहे. बालेकिल्ल्यात भगवतीचे देऊळ, पलीकडच्या उंचवट्यावर दीपगृह. तटावरून एका बाजूस मिरकरवाड्याच्या शेकडो होड्या, दुसऱ्या बाजूस काळी वाळू. वारा असा, की टोपी हाताने धरून ठेवावी लागे.

उतरताना एका पायरीचा चिरा हलत होता. खालून बंधूंचा आवाज आला, "दादा, इकडून ये. तो दगड सुटलाय."

आमचा गुरुदीक्षाविधी झाला त्या दिवसापासून घरात आम्हांस कोणी दादा म्हटले नव्हते, आणि अरे-तुरेही केले नव्हते. आई सुद्धा फादर म्हणे. आम्ही काही बोललो नाही. त्यांच्या खांद्यावर हात ठेवून त्या चार पायऱ्या उतरलो, इतकेच. गुडघ्याची बाजू, वाचकांना सांगायला हरकत नाही, तेवढी काही वाईट नव्हती.

त्या दुपारी भाट्याच्या नारळ संशोधन केंद्राच्या आवाराजवळून जाताना बंधूंच्या अंगात जुना वाडीवाला जागा झाला. कोणता माड किती वर्षांनी फळतो, खारवट पाण्यात काय तगते, यावर ते दोन तास बोलले. सात वर्षांत त्यांचे इतके शब्द आम्ही ऐकले नव्हते. रात्री घावणे आणि बांगड्याचे कालवण जेवलो. सोलकढीचे तीन पेले आम्ही घेतले, त्याचा पश्चात्ताप नाही.

निघण्याच्या सकाळी दोन बाटल्या घेतल्या. एकीत मांडवीची काळी वाळू भरली, दुसरीत पांढऱ्या समुद्राची. मनासारखा शंख किनाऱ्यावर मिळाला नाही. शेवटी दुकानातून विकत घ्यावा लागला आणि दुकानातला शंख कोणत्या समुद्रातला असतो, हे विचारण्याचे धाडस आम्हांस झाले नाही.

नेरला पोहोचलो, तेव्हा तूर कापून शेतात ढीग लागले होते. मुलाने शंख कानाला लावला तो सोडीचना. आजीबाईंनी पांढऱ्या वाळूकडे फारसे लक्ष दिले नाही. काळ्या वाळूची बाटली उघडून त्यांनी चिमूटभर तळहातावर घेतली, बोटाने पसरली आणि आमच्याकडे पाहून म्हणाल्या, "हे तं आपल्या वावरातलीच माती व्हय, फादर. इतक्या दूर जाऊन हेच आनलं?"

बंधूंचा आता दर रविवारी संध्याकाळी फोन येतो. वाडी विकली त्या वेळी राजेळीचे दोन कोंब त्यांनी एका ओळखीच्या वाडीत नेऊन लावले होते, हे आम्हांस मागच्याच रविवारी कळले. त्यांतला एक घेऊन ते पावसाच्या सुरुवातीस नेरला येणार आहेत. राजेळीला पाणी पुष्कळ लागते, आमच्याकडे ते मार्चपासूनच आटते, आणि काळ्या मातीत हे केळ धरेल की नाही याविषयी बंधूंना शंका आहे. हातपंपाच्या सांडपाण्याची वाट जेथे जाते, तेथे त्या मुलाला बरोबर घेऊन आम्ही दीड हात खोल खड्डा खणून ठेवला आहे.